केसरच्या कंपनीचं टपाल

तर काल गोष्ट सांगता सांगता मी आवडाबाईच्या बोटांपाशी थांबलो होतो. कोळंबी सोलून सोलून तिच्या बोटांचे ठसे पार झिजलेले, त्यामुळे मोबाईल काही तिला ओळखेना. ती फोनवरच खेकसली, "मेल्या, सगला थल गाव मना वलखतो, तू कोन मोठा लागून गेलास?" आम्ही हसून हसून ओट्यावरून पडायचे बाकी होतो. केसर मात्र वहीत लिहीत होती : बोटाने उघडणारं नको.

केसर म्हणजे आमच्या तुळशीराम नाखव्याची बायको. आवडाबाई धरून नऊ बायकांची सुक्या मासळीची कंपनी तिनेच उभी केली. दुकानदारांच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर यायच्या आणि कुणाच्या तरी हळदीच्या फोटोंखाली गडप व्हायच्या. म्हणून गेल्या वर्षी गणपती गेल्यावर तिने ठरवलं, कंपनीचं स्वतःचं ईमेल घ्यायचं आणि मालाचा तक्ता सगळ्यांना एकत्र दिसला पाहिजे.

तिची निवडायची रीत बघा. तीन सॉफ्टवेअर चार-चार दिवस फुकट वापरायला घेतली, तीही ऑफिसात नाही, खळ्यावर, जिथे मासळी वाळते तिथेच. पहिलं दिसायला झकास, पण रेंज गेली की मुकं. दुसऱ्यात एकीने ऑर्डर वाचली तरी बाकीच्यांना पत्ता नाही. तिसरं रेंजशिवाय लिहून ठेवायचं, बोललेलं मराठी टिपायचं, आणि उघडायला चार आकडे पुरायचे. तेच घेतलं.

मग सॉफ्टवेअरने विचारलं, मालक कोण? केसर म्हणाली, "पयला हात नाखव्याचा." आमच्याकडे नवी होडी असो की नवं जाळं, पहिला हात नाखव्याचाच लागतो. तुळशीरामला बोलावलं, नारळ फोडला, आणि त्याचा नंबर मालक म्हणून घातला. आणखी एक मालक जोडा, असं सॉफ्टवेअर तीनदा म्हणालं. तिन्ही वेळा केसरने 'नंतर' दाबलं. मी तिथेच पेढा खात बसलो होतो.

यंदा नारळी पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी तुळशीरामची होडी उलटली. दोघे खलाशी पोहत आले. तो आला नाही, सापडलाही नाही. फोन त्याच्या खिशात होता.

केसरने कुंकू पुसलं नाही. कुणी तिला पुसायला सांगितलंही नाही.

तेवढ्यात सॉफ्टवेअरचं वर्ष भरत आलं. पुढे चालू ठेवायचं तर मालकाच्या फोनवर येणारा आकडा घाला, नाहीतर दहा दिवसांत बंद. तोवर टपाल आत येत राहणार, पण आकड्याशिवाय कुणालाच काही उघडून बघता येणार नाही. श्रावण, गणपती सरले की लोक मासळीवर तुटून पडतात. हंगामाच्या सगळ्या ऑर्डरी, सगळ्या दुकानदारांचे पत्ते त्यात. सॉफ्टवेअरवाल्यांना मदतीसाठी लिहिलं तर त्यांनी एक फॉर्म धाडला. त्यात दोन चौकोन. 'मालक हयात नाही' यावर खूण करून मृत्यूचा दाखला जोडा. नाहीतर 'मालक संपर्कात नाही' यावर खूण करा आणि तीस दिवस थांबा.

खळ्यावर नऊही जणी जमल्या. आवडाबाई खाली बघत म्हणाली, "केसर, खून कर गो पयल्या चौकोनावं. दाकल्याचा मागून बगू. नऊ घरांची चूल हाय."

"दाकला मागायला आदी तसा लिवून द्यावा लागंल," केसर म्हणाली. "मी न्हाय लिवनार."

"मंग तीस दिवस थांबाचा? तवर हंगाम जाल."

केसरने फॉर्म बंद केला. नवंच घेऊ म्हणाली, अगदी कोऱ्यापासून. मग चार दिवस बायका आठवून आठवून दुकानदारांची नावं सांगत होत्या आणि मी वहीत लिहीत होतो. सातवीपर्यंतचं माझं अक्षर तेवढं कामी आलं. निम्मे दुकानदार आठवले, निम्मे गेलेच. दोन बायकांना यंदा काम नाही.

शेवटी नव्या सॉफ्टवेअरनेही तेच विचारलं, मालक कोण? मी केसरला विचारलं, "पोरी, काय लिहू? आणि जुनं आपोआप बंद व्हायचंय परवा, त्याचं काय करायचं?"

ती म्हणाली, "मालक दोन लिवा, आजा. एक मी, एक आवडाबाय. आनि जुना बंद व्हायच्या आदी त्यांच्या नावावं एक मेल टाका, नवा पत्ता काय हाय तो. परत आलं तर त्यांना कलायला नको?"