चिकटपट्टीखालची ढोलकी

मित्राचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो.

"अबे, तू कॉम्प्युटरवाला. पोरीला गाणी करायचं सॉफ्टवेअर घ्यायचंय. येऊन सांग कोणतं घ्यायचं ते."

मी म्हणालो, माझा कॉम्प्युटर कारखान्यातल्या मशीनचा. त्याच्यावर लोखंड कापतात, गाणी करत नाहीत.

"तेच की. मापातच बसवायचं ना सगळं? ये."

त्याची माझी ओळख वाळूजच्या प्रेस शॉपमधली, पत्रा ठोकून सुटे भाग काढतात तिथली. तेव्हा वाळूजला रोज एक नवं शेड उभं राहत होतं आणि आयटीआय झालेल्या पोराला काम मिळायला फार फिरावं लागत नव्हतं. आम्ही दोघं एकाच दिवशी लागलो, शेजारशेजारच्या प्रेसवर. प्रेसचा ठोका धाड, धाड, धाड असा एकसारखा पडायचा. हा त्या ठोक्यांच्या मधल्या जागांत पाना आपटून ढोलकी वाजवायचा. सुपरवायझर ओरडायचा, "लग्नाला आलायस का?" हा म्हणायचा, "साहेब, नवरदेव तुम्हीच व्हा." कंपनीच्या बसमध्ये आम्ही मागच्या सीटवर बसायचो. तो विद्यापीठाच्या डोंगराकडच्या वस्तीतून यायचा, मी गावातल्या गल्लीतून. नामांतराचे दिवस होते. बसमध्येही कोण कुठं बसतं त्यावरून गट दिसायचे. आमची सीट मात्र ठरलेली होती, आणि त्याचा मला अभिमान होता. आता तो अभिमान आठवला की कसंसंच होतं.

त्याच्या घरी गेलो तर पोरगी लॅपटॉप उघडून बसलेली. इंजिनिअरिंगला आहे. जयंतीच्या मिरवणुकीतल्या गाडीसाठी नाचायचे ट्रॅक करते. आजवर कुणाची तरी कॉपी केलेलं सॉफ्टवेअर वापरत होती, ते ऐन वेळेला बंद पडायचं. आता रीतसर घ्यायचं होतं. तीन कंपन्यांचे महिनाभर फुकट वापरायचे नमुने तिनं उतरवून घेतले होते.

"काका, हे पहिलं सोपं आहे. चौकोन भरत जायचे, बीट तयार." तिनं चार चौकोन भरले आणि स्पीकरमधून धाड, धाड, धाड, धाड सुरू झालं.

मित्र माझ्याकडं बघून हसला. "वळखलं का? आपलं प्रेस शॉप."

मग तिनं त्यावर ढोलकी टाकली, सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळते ती. स्वच्छ, खणखणीत आणि निर्जीव. मित्रानं तोंड वाकडं केलं. "ही काय ढोलकी हाय? प्लास्टिकची बादली हाय. आमच्या बाबांचा हात असता तर..." तो थांबला. "जाऊ दे. त्यांची एक टेप होती, तीच अडकली या काकाच्या टेपरेकॉर्डरमध्ये," पोरीला म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, तीस वर्षांत कधीच नव्हती.

मी चहाचा कप तोंडाला लावला. टेप अडकली नव्हती. ती माझ्या घरी लोखंडी कपाटात होती.

त्याचे वडील गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. दिवसा मोंढ्यात हमाली, संध्याकाळी कुठल्या तरी वस्तीत कार्यक्रम. मी पहिल्या बोनसमधून टू-इन-वन, रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेला, घेतला तेव्हा एका रविवारी तो घेऊन त्यांच्याकडं गेलो. त्याच्या आईनं कोंबड्या हुसकावून दार लावून घेतलं, आवाज नको म्हणून. वडिलांनी ढोलकीच्या कड्या सरकवल्या, कान लावून पाहिलं आणि विचारलं, "मशीन चालू हाय का? मग कुणी खोकू नका." नामांतराचं एक गाणं म्हटलं, त्यांचं स्वतःचं. मग नुसती ढोलकी वाजवत राहिले. त्यांचा शेवटचा ठोका नेहमी किंचित उशिरा पडायचा. चुकला की काय असं वाटेपर्यंत थांबायचा आणि मग पडायचा. मी विचारलं तर म्हणाले, "नाचणाऱ्याचा पाय वर गेला की लगेच खाली नाय आणायचा पोरा. जरासा हवेत राहू द्यायचा."

कॅसेटच्या दोन्ही बाजू पूर्ण भरल्या. मित्रानं कॅसेट बाहेर काढली आणि तिच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन्ही बारके दात पान्याच्या टोकानं मोडले. ते मोडले की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. "आता हे कुणाच्या बापाला पुसता येत नाय," म्हणाला. कॅसेट माझ्याकडं ठेवली, कारण टेपरेकॉर्डर माझ्याकडं होता.

त्याच थंडीत माझ्या बहिणीचा साखरपुडा आला. शहरात वातावरण तापलेलं, दुकानं बंद. साखरपुडा टेप करायचा होता आणि कोरी कॅसेट मिळेना. मोठा भाऊ म्हणाला, "ती नामांतराच्या गाण्याची टेप हाय ना घरात? पाहुण्यांच्या हाती लागली तर काय सांगशील? तिच्यावरच भर." मोडलेल्या दाताच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा भरता येते, हे मला ठाऊक होतं. मी दोन्हीकडं लावली. मित्राला मी त्या साखरपुड्याला बोलावलंही नव्हतं.

संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं. त्याचे वडील त्या रात्री वस्तीत वाजवायला गेले, म्हणे बोटं सुजली. उन्हाळा लागायच्या आत ते वारले. आठवडाभरातच मित्र आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, "ती कॅसेट दे. आईला ऐकायचीय." मी म्हणालो, टेप अडकली, सगळं रीळ गुंतलं, फेकून द्यावी लागली. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू काय मुद्दाम केलंस व्हय?" माझीच समजूत घालून गेला.

कॅसेटच्या शेवटी चाळीस सेकंदं उरली होती. पाहुणे उठले म्हणून मी बटण दाबलं, तिथून पुढं जुनी ढोलकी तशीच राहिली होती. हे मला नंतर कळलं. तेवढं तरी त्याला द्यायला हवं होतं. पण ते दिलं असतं तर आधीची एकोणसाठ मिनिटंही द्यावी लागली असती.

त्या दिवशी सॉफ्टवेअरचं काहीच ठरवलं नाही. "परवा येतो," म्हणालो. पैठण गेटजवळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या भाईकडून टू-इन-वनचा बेल्ट बदलून घेतला. "ये अब कौन सुनता साब?" त्यानं विचारलं. मी नुसता हसलो.

परवा गेलो. टेप शेवटाकडं आणून ठेवली होती. पोरीनं वायर जोडली आणि ती चाळीस सेकंदं लॅपटॉपमध्ये घेतली. मित्र आत फोनवर बोलत होता. पहिल्या ठोक्याला त्याचं बोलणं थांबलं. बाहेर आला. दारात उभा राहून त्यानं सगळं ऐकलं. हाताची बोटं मांडीवर आपोआप चालत होती आणि शेवटच्या ठोक्याला बरोबर थांबली, हवेत.

पोरीला काही कळलं नव्हतं. ती कामाला लागली. पहिल्या सॉफ्टवेअरनं ढोलकी घेतली आणि आपणहून चौकोनांत बसवली. उशिराचा ठोका पुढं ओढून जागेवर आणला. "छान बसली," ती म्हणाली.

"नाय बसली," मित्र म्हणाला. "पाय खाली आणला त्यानं."

तिसऱ्यानंही तेच केलं. दुसऱ्यात मात्र तिनं काहीतरी बंद केलं आणि ढोलकी होती तशी राहिली. मग उलट त्या धाड-धाडलाच तिनं ढोलकीमागून चालायला लावलं. यंत्र थांबलं, ठोका पडला, यंत्र पुढं निघालं. "हे घे," मित्र पोरीला म्हणाला. "हेच." मग माझ्याकडं वळला. "कुठून आणलंस?"

"कॅसेट होती," मी म्हणालो. "अडकली नव्हती. चुकून वरून भरलं गेलं होतं."

चुकून. तीस वर्षांनी खरं बोलायला गेलो आणि पहिल्याच वाक्यात पुन्हा तेच.

त्यानं टू-इन-वनमधून कॅसेट काढली. उलटी केली. चिकटपट्टी पिवळी पडली होती, पण होती. स्वतः मोडलेल्या दाताच्या खाचेवर त्यानं अंगठा फिरवला. पोरगी एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिली.

"चुकून?" तो म्हणाला.

"नाही."

"काय भरलं होतंस?"

"बहिणीचा साखरपुडा. दुकानं बंद होती."

"घरात दुसरी कॅसेट नव्हती?"

इथं मला नाही म्हणता आलं असतं. कोण तपासणार होतं?

"होती," मी म्हणालो. "सिनेमातल्या गाण्यांची. मला आवडायची ती."

भाऊ बोलला म्हणून, पाहुणे येणार म्हणून, दिवस तसे होते म्हणून, अशी कारणं मी स्वतःला इतकी वर्षं देत आलो. ती खोटी नव्हती. पण दोन कॅसेट शेजारीशेजारी होत्या आणि मी हात लावला तो हिला.

त्यानं कॅसेट दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "कोणती गाणी होती?"

मी दोन-तीन सांगितली.

"लई बेकार गाणी होती बे ती."

हसावं का ते मला कळेना. तो हसत नव्हता. नखानं तो चिकटपट्टी खरवडायला लागला. ती जुनी, तुकड्यातुकड्यानं निघत होती. शेवटचा कण निघेपर्यंत त्यानं मान वर केली नाही. मग कॅसेट शर्टाच्या खिशात ठेवली आणि पोरीला म्हणाला, "लाव परत." मी निघालो. एरवी तो गाडीपर्यंत सोडायला येतो. त्या दिवशी आला नाही.

आठवड्यानं पोरीचा मेसेज आला. सॉफ्टवेअर घेतलं, ते दुसऱ्या नंबरचंच. ट्रॅक होत आलाय. खाली नावं टाकायची आहेत. ढोलकी कुणाची ते लिहिलंय. रेकॉर्डिंग कुणाचं म्हणून काय लिहू, काका?

मी लिहिलं, तुझ्या बाबांना विचार.

तिचं उत्तर लगेच आलं. "त्यांनीच तुम्हाला विचारायला सांगितलंय."

दोन दिवस मी फोन उघडायचो आणि ठेवून द्यायचो. शेवटी लिहिलं, रेकॉर्डिंग माझं. बाकीचं पुसलं तेही मीच, मुद्दाम. दोन्ही लिही.

तिनं नुसता अंगठा पाठवला. तो तिचा होता की फोन तेव्हा त्याच्या हातात होता, ते मी अजून विचारलेलं नाही.