अ‍ॅक्सलवरची माती

मी इंजिनियरिंगची पदवी घेऊन औरंगाबादहून परत आलो, त्याच वर्षी मामांनी आपल्या पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवायला काढलं. पेट्रोल फार महागलं होतं आणि पाथरी-वालूर वाटेवर माणसं नेणं परवडेनासं झालं होतं. याच जीपवर मामांचं घर चाले, आणि माझं शिक्षणही त्यांनी तिच्यावरच केलं. आमच्या साऱ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला.

इंजिन जुनं, मोडीतून शोधून आणलेलं होतं. ते गेलं तर दुसरं मिळणार नव्हतं.

पाथरीच्या मिस्त्रींनी जीपची चाकं काढून चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, लाकडी ठोकळ्यांवर ठेवली आणि इंजिन साखळीनं आत सोडलं. इंजिनाच्या तळाचं तेलाचं चेंबर पुढच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर आलं. मिस्त्री म्हणाले, "चेंबर कापून पुढून उथळ करावं लागंल. दोन-तीन दिवस जातील."

मी खाली शिरून चेंबर आणि अ‍ॅक्सलमधली फट पट्टीनं मोजली. दीड इंच भरली. मी वहीत आकृती काढली आणि सांगितलं, "पुष्कळ आहे. कापायची गरज नाही."

मामांचा चेहरा फुलला. "मिस्त्री, तुमी पत्रा कापायलाव, आमच्या भाच्यानं कागदावरच भागवलं बघा!"

"भागलं तर लय चांगलं, मामू," मिस्त्री म्हणाले. "पण गाडी अजून जमिनीवर कुठं हाय?"

त्यांनी ओल्या काळ्या मातीचा गोळा अ‍ॅक्सलवर थापला. चाकं चढवली, ठोकळे काढले. मग चहाच्या हॉटेलातल्या माणसांना हाक मारली, "या, बसा! फुकट हाय."

"कुठं जायलाय गाडी?"

"कुटंच न्हाई. नुसतं बसायचं."

"तरीच फुकट!" म्हणत दहा-बाराजण हसत आत कोंबून बसले. तशीच जीप ढकलत गटारीच्या उंचवट्यावरून नेली आणि परत आणली.

मी आणि मिस्त्री खाली शिरलो. माती दोन्ही बाजूंनी पिळून बाहेर आली होती आणि मधे लोखंडाला लोखंड टेकलं होतं. चेंबरवर बारीक चरा पडला होता.

ठोकळ्यांवर असताना अ‍ॅक्सल स्प्रिंगच्या पाट्यांसकट खाली लोंबत होता. वजन आलं की पाटे दबतात आणि गाडीचं अंग अ‍ॅक्सलवर उतरतं. यावरचं गणित मी परीक्षेत सोडवलं होतं. वालूरच्या वाटेवर चेंबर फुटलं असतं, तेल वाहून गेलं असतं आणि इंजिन जाम झालं असतं.

मिस्त्रींनी माती पुसली आणि हळूच म्हणाले, "तुमीच सांगा, साहेब. मी सांगितलं तर मामूला लागंल."

तेवढ्यात वरून मामांचा आवाज आला, "काय म्हणतोय आमचा इंजिनियर?"

मी बाहेर आलो. अंगावरच्या शर्टाला चिखल लागला होता. "मामा, माझं माप चुकलं. गाडी अधांतरी असताना घेतलं. मिस्त्री म्हणतात तसं चेंबर कापावंच लागेल."

जीपमधला एकजण पुटपुटला, "सोळा वर्सं शिकून?" मामांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"इथंच कळलं, बरं झालं," ते म्हणाले. "मिस्त्री, कापा. अन् ह्याला सोबत घ्या. फुकाचं बसवू नका."

तीन दिवस मी मिस्त्रींच्या हाताखाली होतो. पत्रा कापला, वेल्डिंग केलं, रॉकेल भरून गळती पाहिली. मग चाकं जमिनीवर, माणसं आत, माती अ‍ॅक्सलवर. या वेळी बोटभर जाड माती शाबूत राहिली.

मिस्त्री बाजूला सरकले आणि मला म्हणाले, "मामूला बोलवा. त्यांना डोळ्यानं बघू द्या."

साठीकडे झुकलेले मामा धोतर सावरत जीपखाली शिरले. मातीवर त्यांनी अंगठा दाबून पाहिला. वर आले ते सरळ ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि आत बसलेल्यांना म्हणाले, "आता उतरू नका कुणी. वालूरला निघालोय."