ज्ञानू गुळव्याचं नाक

अठ्ठ्याहत्तर साली आबांचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा सांगलीच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि गोळ्या दिल्या. त्यांनी हात तेवढा बघितला. हा माणूस चार वर्षांपासून आतून कसा खचत चाललाय हे कुणी विचारलं नाही, आणि आपणहून सांगायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

माझे वडील कुंडलचे नावाजलेले गुळव्या. गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत आटत आला की आबांनी वाफ हुंगायची आणि 'उतरवा' म्हणायचं. तोवर काहिलीला कुणी हात लावायचा नाही, तोंडही उघडायचं नाही. मालकसुद्धा गप्प.

चौऱ्याहत्तर साल उजाडलं तेच त्यांचं बिनसलेलं. पोट चार-चार दिवस साफ व्हायचं नाही. झोपेत ओरडायचे, लाथा झाडायचे. आईने शेवटी अंथरूण वेगळं केलं. दिवसा बसल्या जागी पेंगायचे, कशात मन लागायचं नाही. लोक म्हणत, ज्ञानू प्यायला लागला. माझं डोकं फिरायचं. आबा दारूला कधी शिवले नव्हते.

त्या माघात मी भाकरी घेऊन हंबीररावांच्या गुऱ्हाळावर गेले, तर काहिलीतून करपट वास येत होता. गडी एकमेकांकडे बघत होते. आबा वाफेत तोंड धरून शांत उभे. गुळव्याच्या आधी बोलायचं कसं, म्हणून सगळे थांबले. मीही थांबले. गूळ काळाठिक्कर झाला.

घरी आल्यावर आबांनी मला जवळ बोलावलं.

"विजे, खरं सांग. तुला करपल्याचा वास आल्ता?"

त्यांचा पडलेला चेहरा मला बघवेना.

"न्हाई आबा. रसच खराब आसंल."

"मंग नाक शाबूत हाय माझं," म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी दुसरी काहीलही करपली. हंबीरराव रागावले नाहीत. त्यांनी आबांच्या हाताखालच्या सिद्धूला पुढे बोलावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ज्ञानूदा, तुमी बसा आता."

परतताना आबा बांधावर टेकले. मी शेजारी बसले. ते बोलले तेव्हा आवाजात राग नव्हता.

"काल खरं बोलली आसतीस, तर माझा मीच उठून आलो आसतो, विजे."