तिसरी हाक

थंडी पडली की सक्करदऱ्याच्या घरात मी पेटीतलं ब्लँकेट काढतो, आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासाबरोबर व्हिएन्नाहून रोमला जाणारी ती रात्रगाडी आठवते. पन्नास वर्षं होत आली. कारखान्याने मला ट्रेनिंगला पाठवलं होतं. झोपायच्या डब्यातला वरचा बर्थ माझा, आणि अंगावरच्या ब्लँकेटला हाच वास.

मध्यरात्री गाडी कुठल्याशा स्टेशनात थांबली. दाराबाहेरून आवाज आला, "कोणी हाये काय गा? मले पाणी देता काय?"

इतक्या दूर, आणि आपली बोली. मी उठून बसलो. थोड्या वेळाने पुन्हा तेच, जरा हळू. ओ देणार तोच आईचं बोलणं आठवलं. गावी, खाप्याच्या घरात ती नेहमी सांगायची, "रात्री तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नको बापा, भूत दोनदाच बोलावते." मी शिकलेला इंजिनिअर, पण ब्लँकेट डोक्यावर ओढून तिसऱ्या हाकेची वाट पाहत राहिलो. गाडी सुटली.

सकाळी, रात्री ठेवून घेतलेला पासपोर्ट परत देताना डब्याच्या कंडक्टरने मोडक्या इंग्रजीत सांगितलं, शेजारच्या खोलीतला तुमच्या देशाचा माणूस फार आजारी होता, रात्री स्ट्रेचरवर उतरवला. त्या माणसाचं नाव काही कंडक्टरला सांगता आलं नाही.

आई गेली, बायकोही गेली. आता रात्री हाक आल्यासारखी वाटली की मी पहिलीलाच ओ देतो, आणि पाण्याचा गडवा घेऊन दार उघडतो.