बैलांच्या मोटारीचे ड्रायव्हर

मावसाजी गेले तो दिवस शनिवार होता. गाडी आर्णी सोडून यवतमाळच्या रस्त्यावरच्या वळणाशी आली होती. कासरा मावशीच्या हातात होता. मी शाळेत शिकवत होते.

मावसाजींच्या हातात स्टेअरिंगचं चाक होतं. ते कशालाही जोडलेलं नव्हतं.

हे चाक समजायचं तर आधी गाडी समजली पाहिजे. मावसाजी एका शेठच्या मोटार सर्व्हिसवर यवतमाळ-उमरखेड गाडी चालवत. मध्यप्रदेश सुटून आपण मुंबई राज्यात गेलो त्या सुमाराला सरकारी बसगाड्या आल्या आणि शेठने सर्व्हिस गुंडाळली. सरकारी गाडीवर घेण्यासारखं मावसाजींचं वय उरलं नव्हतं. शेठने निरोप देताना त्यांना जुन्या मोटारीचा सांगाडा बक्षीस दिला आणि इंजिन स्वतःकडे ठेवलं. मावसाजी हा फार मोठा सन्मान समजत. अंगणात उभ्या त्या सांगाड्यात बसून ते रोज सकाळी चहा पीत. मावशी चहा खिडकीतून देई आणि म्हणे, "घ्या, स्टँड आलं."

यवतमाळला आमच्या घराच्या मागे कापसाचा जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, होता. दिवाळीच्या पुढेमागे तो सुरू झाला, की हवेत रुईचे बारीक तंतू तरंगत. वाळत घातलेल्या कपड्यांवर बसत, पाण्याच्या माठावर बसत, आणि मावशीच्या छातीत जाऊन बसत. तिचा दमा दर वर्षी वाढत चालला होता. एका हिवाळ्यात ती रात्र रात्र भिंतीला टेकून बसून होती. शेवटी डॉक्टरांनी मावसाजींना बाजूला घेऊन सांगितलं, "पुढचा हंगाम यांना इथे ठेवू नका. ठेवलंत, तर त्या हाती लागायच्या नाहीत." दुसरं घर बघा, असा त्याचा सरळ अर्थ होता. मावसाजींनी सुताराला बोलावलं.

सुताराने मोटारीचा पुढचा अर्धा भाग कापून घेतला, रबरी टायरच्या बैलबंडीच्या सांगाड्यावर चढवला आणि पुढे जू लावायची सोय केली. आत एक बाक झोपायला, एक सामानाला, दारापाशी चुलीची जागा. स्टेअरिंग काढून टाकू का, असं सुताराने विचारलं. मावसाजी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

खरी अडचण निराळीच होती. मावसाजी बैलांना भीत. आयुष्यभर घाट उतरवलेला माणूस, पण बैलाने नुसती मान हलवली तरी तो दोन पावलं मागे सरे. "यायले ब्रेक कुठी असते?" असं ते विचारत. मावशी बोरी अरबच्या शेतकऱ्याची मुलगी. तिने कासरा हातात घेतला, डावीकडे बसली आणि म्हणाली, "ब्रेक माह्या तोंडात असते. बसा तुम्ही." ते उजवीकडे चाकामागे बसले. पुढे प्रत्येक हिवाळ्यात ही व्यवस्था कायम राहिली. मावशी बैल वळवी आणि मावसाजी चाक फिरवत. वळण संपलं, की ते सुटकेचा श्वास टाकून म्हणत, "निंगालो बाप्पा." मावशी म्हणे, "बैल बी तेच म्हणून राह्यले."

जिन सुरू व्हायच्या आत निघायचं आणि उमरखेड, ढाणकी ओलांडून पैनगंगेच्या काठी हिवाळा काढायचा, असा नेम ठरला. मोटारीला जो रस्ता एका दिवसाचा होता, त्याला आठवडा लागे. मावसाजींना त्याची लाज नव्हती. मात्र जुना प्रत्येक थांबा घेतलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. झाडाखाली गाडी उभी करायची, रबरी भोंगा वाजवायचा, थोडं थांबायचं, मग निघायचं. कोणी येणार नाही अशी मावशीची खात्री असे आणि कोणी ना कोणी येई. टोपली घेतलेली म्हातारी, लेकीकडे निघालेला बाप. मावसाजी त्यांना बाक दाखवत आणि एवढंच बजावत, "डायवरशी बोलू नका." त्या माणसांना ड्रायव्हर कोणता ते कळत नसे, म्हणून ती दोघांशीही बोलत नसत.

तो नियम ते स्वतःही पाळत. एकदा महागावच्या फाट्यावर मावशीला डुलकी लागली आणि बैल भलत्याच रस्त्याला लागले. एक गाव मागे पडल्यावर ती जागी झाली आणि संतापली. "डोळे उघडे ठेवून बसले होते नं? काहून सांगितलं नाही मले?"

मावसाजी शांतपणे म्हणाले, "म्या त बरोबर फिरवलं होतं."

मी नाताळच्या सुट्टीत त्यांच्याकडे जाई. आई लहानपणीच गेल्यामुळे मी मावशीकडेच वाढले आणि तिच्याच घरातून शिक्षिकेच्या नोकरीला जात होते. ढाणकीपर्यंत सरकारी बसने जायचं, हे मावसाजींच्या लेखी घरभेदीपण होतं. मी पोचल्याबरोबर पाणी देण्याआधी ते विचारत, "डायवर कसा होता?"

"चांगला होता."

"उतारावर गेर बदलला होता?"

"मी पुस्तक वाचत होते, मावसाजी."

"हंऽ," ते मावशीकडे बघून म्हणत, "अशानंच सर्व्हिस बंद पडली."

नदीकाठी त्या दोघांचा दिवस बघण्यात जाई. गाडीच्या दारात दोन पोती अंथरून ती बसत. समोर नदी आणि पलीकडे दुसऱ्या जिल्ह्याचा काठ. मावसाजी जगाकडे एकाच दृष्टीने बघत. नावाडी वळण फार मोठं घेतो, म्हशी डाव्या हाताने चालत नाहीत, बगळा उतरताना वेग कमी करायला विसरतो. मावशीचं लक्ष माणसांकडे असे. पलीकडे धुणं धुणाऱ्या बायांची तिला नावं ठाऊक नव्हती, पण कोणाचं कोणाशी बिनसलं आहे ते ठाऊक होतं. "लाल लुगडंवालीनं आज आपला दगड बदलला. सासू येऊन राह्यली दिसते." दुसऱ्या दिवशी खरोखरच एक म्हातारी दगडावर बसलेली दिसे. थंडी मात्र काठावर घरापेक्षा जास्त होती. मावशी गोधडीतून कुरकुरे, "गरम मुलखात आनलं म्हनते मले." पण ही कुरकुर ती एका दमात, न खोकता करी. मावसाजींना तेवढं पुरे. ते ऐकत आणि पुन्हा बगळ्याकडे बघत.

जवळच बंजाऱ्यांचा तांडा होता. तिथले म्हातारे नाईक, तांड्याचे प्रमुख, संध्याकाळी येऊन बसत. पहिल्या वर्षी त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाक फिरवून पाहिलं आणि बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "डायवरसाब, आमचे बाप-आजे बैलावर मीठ लादून मुलूखभर फिरले. आम्ही थकलो, घरं बांधली. तुमचं बांधलेलं घर होतं, अन् तुम्ही बैल जुपले. आता आमची पंचाईत झाली."

"कायची?"

"कोनाचं बरोबर हाय, ते कोनाले विचारावं?"

मावशी आतून म्हणाली, "मले विचारा नं. दोघाईचंबी चुकलं."

असे पाच-सहा हिवाळे गेले. डॉक्टर मावशीला बघून दर वर्षी थोडे चकित होत. मावसाजींना कोणी तपासलं नाही. त्यांना काही होत नसे.

त्या शनिवारी ती दोघं परत येत होती. ऊन चढलं होतं. पुढचं मावशीने मला एकदाच सांगितलं. "वळन आलं. बैल वळले, गाडी वळली, अन् चाक काही फिरलं नाही. म्या म्हटलं, अवो, वळन आलं नं. मंग कळलं मले." तिने बैल लगेच थांबवले नाहीत. वळण पूर्ण केलं, पुढच्या थांब्याच्या झाडाखाली गाडी नेली आणि मग कासरा सोडला. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं म्हणून भोंगा वाजवला. माणसं आली. ती नेहमीच येत.

पुढच्या दिवाळीआधी ती जायला तयार होईना. "आता कायले जायचं? तिकडं माही कोन वाट पाह्यते?" जिनचा भोंगा पहिल्यांदा वाजला. चार दिवसांत तंतू माठावर दिसू लागले. आठव्या दिवशी मावशी भिंतीला टेकून बसली. मी पुस्तक मिटलं, शाळेत रजेचा अर्ज दिला आणि नाईकांच्या मुलाला निरोप धाडून बैल जुपायला बोलावलं. मावशी बोलण्याच्या स्थितीत नव्हती, त्यामुळे तिचा विरोध झाला नाही.

पहिला दिवस मुलाने बैल हाकले. दुसऱ्या दिवशी तिचा श्वास थोडा मोकळा झाला. तिने त्याला मागच्या बाकावर पाठवलं आणि कासरा स्वतः घेतला. उजवीकडची जागा रिकामी होती. तिने सांगितलं म्हणून मी तिथे बसले. हात मांडीवर ठेवले.

आर्णीच्या आधीचं ते वळण दिसू लागलं. मावशीने बैलांना आवाज दिला. मग समोर बघतच, चिडक्या आवाजात, मला म्हणाली, "फिरव नं व. बसली कायले मंग?"

मी चाक फिरवलं. गाडी वळली.

"हळू," ती म्हणाली.

त्यानंतर मावशी बरेच हिवाळे जगली आणि एका उन्हाळ्यात, जिन बंद असताना, तापाने गेली. बैल नाईकांच्या मुलाने नेले. गाडी तांड्याच्या कडेला उभी आहे आणि तिच्यात शेळ्या बांधतात. चाक माझ्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटावर आहे.