झडपेतला चुना

तीस वर्षं लोकांच्या गीझरमधला क्षार खरवडल्यावर माणसाला सगळं दुखणं पाण्यातूनच येतं असं वाटायला लागतं. प्लंबरकाकांचं तसंच झालं होतं. काकूंच्या हृदयाच्या झडपेत कॅल्शियम साचलंय, झडप बदलावी लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि काकांनी मनातल्या मनात इलाज ठरवून टाकला: आधी बाहेरून येतंय ते बंद करा! गळ्यातली थायरॉइड ग्रंथी काढल्याच्या जुन्या ऑपरेशनपासून काकूंना कॅल्शियमची गोळी रोज लागायची. सकाळच्या गोळ्या काकाच हातावर ठेवत. ती एक पांढरी गोळी मात्र तीन आठवडे गुपचूप त्यांच्या खिशात जात होती.

ऑपरेशन चार दिवसांवर आलं आणि रक्ताचा रिपोर्ट बघून बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कॅल्शियम फारच कमी आहे. गोळी घेता ना?"

"रोज," काकू म्हणाल्या. "हेच देतात."

"घेऊनही इतकं कमी? मग कारण सापडेपर्यंत ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल. आणि झडपेचं दुखणं तर थांबायला तयार नाही."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "पण बाई, ते कॅल्शियमच साचतंय ना? पाइपात क्षार धरतो तसं?"

"नाही हो. पाइप निर्जीव असतो. झडपेत जिवंत पेशी असतात. वर्षानुवर्षं ताण सोसून त्यातल्या काही बिघडतात, हाडातल्या पेशींसारख्या वागतात आणि स्वतःच तिथे चुना रचत बसतात. गोळी बंद केली म्हणून त्या थांबत नाहीत."

म्हणजे काका साप साप म्हणून भुई धोपटत होते. खरं सांगावं तर बायकोच्या मनातून उतरणार, गप्प बसावं तर तारीख जाणार.

"ती गोळी मी काढून घेत होतो," ते कसेबसे म्हणाले. "तिला ठाऊक नाही."

बाई कडाडल्या. मग फोन उचलून म्हणाल्या, आजच दाखल करा, कॅल्शियम शिरेतून देऊ. तारीख बहुतेक राहील.

आता काकू काय बोलतील या भीतीने काका जमिनीकडे बघत राहिले.

"तरीच," काकू हळूच म्हणाल्या. "पायात गोळे येत होते, बोटांना मुंग्या. मला वाटलं, भरले आपले दिवस. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही."