नाव आतल्या बाजूला

शिवणकामात चिंध्या किती पडतात, हे शिवणाऱ्यालाच माहीत. आमच्या खोलीत चिंध्यांचं एक पोतं भरलं की दुसरं लावतो. किश्श्यांचंही तसंच झालंय. उपयोग काही नाही आणि फेकवतही नाहीत. सांगितले तर निदान जागा रिकामी होईल, म्हणून सांगते. हल्ली बाकी काही करायचं त्राण नसतं, बोलायला तेवढं जमतं.

आम्ही तिघी आणि एक टेलर. सिडकोतल्या माझ्या घराच्या मागच्या खोलीत जुन्या पडद्यांच्या आणि चादरींच्या पिशव्या शिवतो. त्या किराणा दुकानांत टांगतो, लोक सामान घेताना विकत घेतात, आणि जे येतं ते सगळं कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेला जातं.

मी पोस्टातून रिटायर झालेली. वैशाली समोरच्या बिल्डिंगमधली, आमच्यात वयानं लहान, म्हणून व्हॉट्सॲप ग्रुप तिच्या गळ्यात. मंदाकाकू शिंदे कन्नड तालुक्यातल्या, शेतीवाडीतल्या. मुलाला वाळूजच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून शहरात आल्या. शहागंजचे रफिकभाई कापड बेतून देतात. शिवणाचा वार ठरलेला नाही. ज्या दिवशी नळाला पाणी येणार नसतं, तो आमचा वार. तसे वार आमच्या शहरात भरपूर मिळतात.

प्रत्येक पिशवीवर बाहेरून एक लेबल असतं, 'कॅन्सर संशोधनासाठी'. सगळी भानगड त्या लेबलाची आहे. मला ते हवं असतं आणि बाकी जगाला नको असतं.

* * *

पहिल्या दुकानदारानं पिशव्या मोठ्या हौसेनं गल्ल्याजवळ टांगल्या. दुसऱ्या दिवशी साखर आणायला गेले, तर पिशव्या फिनेलच्या बाटल्या आणि झाडू यांच्या मागे.

"मॅडम, गल्ल्यावर लक्ष्मीचा फोटो आहे," तो म्हणाला. "शेजारी ते नाव बरं दिसत नाही."

मी वर बघितलं. लक्ष्मीच्या फोटोखाली तंबाखूच्या पुड्यांची माळ लटकत होती. प्रत्येक पुडीवर तेच नाव, शिवाय चित्रासकट!

बोट करून दाखवलं, तर म्हणाला, "ते होय? ते कंपनी छापते. ते कुणी वाचत नाही."

* * *

घेणारे घेतात, नाही असं नाही. पण पिशवी घरी नेली की उलटी करतात. नाव आत, शिवण बाहेर. आठवडी बाजारात मी उभी राहून बघितलंय, आमच्या पिशव्या लांबून ओळखू यायच्या त्या बाहेर आलेल्या शिवणीवरून आणि लोंबणाऱ्या दोऱ्यांवरून.

रफिकभाईंना सांगितलं. मला वाटलं त्यांनाही वाईट वाटेल. ते शांतपणे कात्री ठेवून म्हणाले, "हौ मॅडम, लोगां उलटीच पकडते. तो फिर उलटी बी अच्छी दिकना ना."

तेव्हापासून ते आतली शिवण दुमडून, दाबून दोन्हीकडून सारखी करायला लावतात. काम दुप्पट झालं. एका पिशवीला लागायचा तेवढ्या वेळात आता अर्धीच होते. पण उलटी धरली तरी पिशवी इभ्रतीत राहते.

* * *

मंदाकाकूंचं शिवण आमच्यात सगळ्यात सरस. पण लेबलाला त्यांनी कधी हात लावला नाही. पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी समदं शिवते, पर ती पट्टी तुमी लावा. त्ये नाव माझ्या हातून नगं."

"का हो काकू?"

"आमच्याकडं रातच्याला सापाला साप म्हणत नाय. लांबडं म्हणायचं. नाव घेतलं की त्याला घर सापडतंय."

त्यांची स्वतःची हिरव्या पडद्याची पिशवी आहे. ती सदैव उलटी. माझ्या घराच्या पायरीवरसुद्धा उलटी. मी एकदा चिडून म्हटलं, "काकू, निदान इथं तरी सरळ धरा." त्या म्हणाल्या, "तुमच्या घराला बी जपते मी."

* * *

दिवाळीआधी लोक घरं रंगवायला काढतात आणि तेव्हा त्यांना आमची आठवण येते. जुने पडदे कड्यांसकट येतात. एकांनी पडद्यांबरोबर डिस्टेंपरचा अर्धा डबाही पाठवला होता, चांगल्या कामाला लागेल म्हणून. पिशवीला डिस्टेंपर कुठं लावायचा, ते नाही सांगितलं.

कॉलनीतल्या एक बाई असेच हॉलचे पडदे देऊन गेल्या. महिन्याभरानं तणतणत आल्या. त्यांचा पडदा त्यांना बाजारात दिसला होता, आणि दिसला तो त्यांच्या शेजारणीच्या हातात. दोघींचं पार्किंगवरून बोलणं बंद आहे.

"माझा पडदा तिच्याकडे कसा?"

"विकत घेतला त्यांनी," मी म्हटलं.

"आणि उद्या आणखी घेईल, मला दाखवायला. त्या पडद्याच्या किती उरल्यात?"

उरल्या होत्या सात. सातही उचलून घेऊन गेल्या. एका दिवसात एवढ्या पिशव्या त्याआधी कधी खपल्या नव्हत्या. वैशाली म्हणाली, "कॉलनीत अजून दोन-चार भांडणं लावता येतात का बघू."

* * *

गणपतीत मंडपाशेजारी टेबल टाकून बसलो होतो. एक रिटायर्ड गृहस्थ आले. पिशवी ताणून बघितली, उजेडाकडे धरून बघितली. मग विचारलं, "आतापर्यंत तुमच्या पिशव्यांमुळे किती पेशंट बरे झाले?"

दुपारपासून बसून माझी पाठ धरली होती. मी म्हटलं, "एकही नाही."

वैशालीनं टेबलाखालून लाथ मारली.

"मग मी ही घ्यायची कशासाठी?"

"भाजी आणायला."

त्यांनी दोन घेतल्या. एक जाडजूड बघून घेतली, बटाट्यांसाठी.

* * *

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून एकीनं चाळीस पिशव्या सांगितल्या. ग्रुपवर फोटो बघूनच सांगितल्या, आणि वैशालीनं टाकलेल्या फोटोत नेमकं लेबल आलं नव्हतं. पिशव्या पोचल्यावर तिचा फोन. "अहो, सवाष्णींच्या हातात हे नाव देऊ?"

चाळीस लेबलं उसवायची माझ्यात ताकद नव्हती. मी तसं स्पष्ट सांगितलं. शेवटी तिनं प्रत्येक लेबलावर 'तिळगूळ घ्या, गोड बोला'चं स्टिकर चिकटवलं आणि वाण लुटलं.

पहिल्या धुण्यात चाळीस घरांतली स्टिकरं निघाली. मग मला फोन. त्या आठवड्यात माझ्याशी कुणीही गोड बोललं नाही. तुम्ही मुद्दाम केलंत, असंही एकीनं ऐकवलं.

त्यातल्या एकीचा फोन मात्र वेगळा होता. हळू आवाजात विचारत होती, "ज्या संस्थेचं काम करता, तिथं माझ्या बहिणीला दाखवता येईल का?" मी सांगितलं की तिथं नुसतं संशोधन चालतं, पेशंट बघत नाहीत. पण चौकशी करून कुठं जायचं ते कळवते. टिपून घ्यायला पेन काढलं आणि बहिणीचं नाव विचारलं.

"नाव नको ना ताई," ती म्हणाली. "अजून घरात कुणाला माहीत नाही."

* * *

मंदाकाकूंनी एकदा मला सरळच विचारलं होतं, "लोक नगं म्हणत्यात, तर तुमी का येवढ्या हट्टाला पेटल्यात त्या नावासाठी?" मी म्हटलं, पोस्टात तीस वर्षं काढली, नावाशिवाय काही पोचत नाही हे मला पक्कं माहीत आहे. सगळे हसले आणि विषय संपला.

खरं कारण मी कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना झाला, तेव्हा मोठ्या दिरांनी ठरवलं की पेशंटला कळता कामा नये. सगळे 'गाठ आहे' एवढंच म्हणायचे. रिपोर्ट घरातच होते, लपवणार कुठं? म्हणून मी ह्यांचा चष्मा लपवला. धान्याच्या डब्यात ठेवला. ते रोज शोधायचे, आणि मीही त्यांच्याबरोबर शोधायचं नाटक करायची. मग एक दिवस त्यांनी शोधायचं बंद केलं. मला त्याची अजून लाज वाटते. चष्मा सापडत नव्हता, की शोधायचा नव्हता, हेही मी विचारलं नाही.

* * *

या उन्हाळ्यात मी हरले. मंदाकाकू महिनाभर आल्याच नाहीत. फोन केला की कधी "लेकीकडं आलेय", कधी "गुडघा धरलाय". त्यांच्याशिवाय शिवण रखडलं. त्यात दोन दुकानदारांनी पिशव्या परत पाठवल्या, लेबल काढा म्हणजे ठेवतो म्हणाले. वैशालीनं हात जोडले. "मॅडम, सोडा ना आता. नाव नसलं तरी संस्थेला जायचं ते जाईलच."

तिचं चुकत नव्हतं. माझ्यातही वाद घालायचं बळ उरलं नव्हतं. ठीक आहे, म्हटलं. उरलेली लेबलं बिस्किटांच्या डब्यात भरली आणि डबा कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला. मला बरं वाटलं नाही, पण सुटल्यासारखंही वाटलं.

गेल्या गुरुवारी नळाला पाणी नव्हतं, म्हणून जमलो. अकराच्या सुमाराला मंदाकाकू आल्या. वाळल्या होत्या. हातात तीच हिरव्या पडद्याची पिशवी. सरळ धरलेली, नाव बाहेर. आतून हॉस्पिटलचं लांबलचक पाकीट वर आलं होतं, स्कॅनच्या फिल्मा ठेवतात तसलं.

काकू पाणी प्यायल्या, मशीनवर बसल्या, सुईत दोरा ओवला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा गेला.

"पट्ट्यांचा डबा कुठंय?"

वैशाली गडबडली. "काकू, लेबल बंद केलं आपण. तुम्हाला हवं होतं तसंच झालं."

"तिथं लाइनीत दिसदिसभर बसावं लागतं," काकू म्हणाल्या. "बाया इचारत्यात, ही पिशवी कुठं मिळती. अकरा जणींनी सांगितल्यात. नाव घालून."

मी स्टुलावर चढून डबा काढला आणि त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी एक लेबल उचललं. लांब धरून बघितलं, मग डोळ्यांजवळ नेलं.

"हे लई बारीक हाय, मॅडम. मोठं घाला. चष्म्याबिगर वाचता आलं पायजे."